पाऊल लहान झाले म्हणजे मुक्काम आला?

अवघड समीकरण दिले की संगणक आधी एक अंदाज धरतो, तो सुधारतो, सुधारलेला पुन्हा सुधारतो आणि लागोपाठच्या दोन अंदाजांतला फरक नगण्य झाला की थांबतो. त्या थांबण्यावर विश्वास का ठेवायचा? न्यूटनने १६६९ मध्ये घेतलेले समीकरण पाहा: क्ष³ − २क्ष − ५ = ०. आजच्या रीतीने २ पासून निघालो तर डावी बाजू भरते −१ आणि वक्राचा उतार १०. पहिल्याला दुसऱ्याने भागून येणारे २ मधून वजा केले की २.१ मिळते, मग २.०९४५७, मग २.०९४५५१४८. बरोबर अंक दर खेपेला साधारण दुप्पट होतात. पण क्ष³ − २क्ष + २ = ० घेऊन शून्यापासून निघा; अंदाज १, मग ०, पुन्हा १ असा घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो. खरी उकल −१.७७ च्या आसपास आहे. ०.१ पासून निघालात तरी त्याच फेऱ्यात अडकता.

हा धोका आधीच ओळखता यावा म्हणून लिओनिद कांतोरोविच यांनी १९४८ मध्ये एक प्रमेय मांडले. पुढे १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे हेच गणिती. अज्ञात गोष्ट संख्या नसून अख्खे फलन असले, म्हणजे अरेषीय विकलक समीकरण असले, तरी हे प्रमेय चालते. सुरुवातीच्या उताराचा व्यस्त, पहिल्या पावलाची लांबी आणि आसपास उतार किती वेगाने बदलतो याची कमाल मर्यादा, या तिन्हींचा गुणाकार अर्ध्याच्या आत असेल, तर जवळपास उकल आहेच आणि रीत तिथे पोचतेच. न्यूटनच्या उदाहरणात तो ०.१ × ०.१ × १३.२, म्हणजे ०.१३२ येतो. उत्तर माहीत नसताना मिळालेली ही हमी आहे.

कोणी म्हणेल, संगणक वेगवान आहे, दहा ठिकाणांहून निघून पाहू. शिवाय ही अट मोडूनही रीत पुष्कळदा पोचते. दुसरे म्हणणे खरेच आहे: अट पुरेशी आहे, आवश्यक नाही, आणि मोठ्या प्रश्नांत ती तपासणे जिकिरीचे असते. पण नुसत्या प्रयोगाला स्वतःची चूक कळत नाही. १ + १/२ + १/३ + … ही बेरीज करत जा. दर पाऊल आधीच्यापेक्षा लहान, तरी बेरजेला कुठलीच मर्यादा नाही. ‘फरक नगण्य झाला’ एवढ्यावर थांबणारा संगणक इथेही एक आकडा छापेल, आणि तो निरर्थक असेल. म्हणून पडद्यावरचा आकडा हा दावा मानावा. अभिसरणाचा, म्हणजे अंदाज खरोखर उकलीकडे जातात याचा, पुरावा जोडला की मगच ते उत्तर.