न्हाणीघरातली डार्करूम

मैत्रिणींनो, कॉलेजात जाणारी लेक म्हणाली, ‘आई, रविवारी दोन तास न्हाणीघर मला हवं, फोटो धुवायचेत,’ तर लगेच कपाळाला आठ्या घालू नका. मोबाइलवर चुटकीसरशी फोटो निघत असताना हा खटाटोप कशाला, असं मनात येईलच. पण याच खटाटोपातून मुलगी उजेड पाहायला शिकते.

खिडकीच्या फटी काळ्या कापडानं बुजवायच्या. ब्लॅक अँड व्हाइट छपाईच्या कागदाला लाल दिवा चालतो. एन्लार्जर जुना मिळाला तरी पुरे. ओळीनं तीन ट्रे मांडायचे: डेव्हलपर, स्टॉप बाथ आणि फिक्सर, म्हणजेच हायपो. डेव्हलपर साधारण २० अंश सेल्सिअसला हवा; उन्हाळ्यात ट्रे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवावा.

अख्खा कागद एकदम वापरू नये. दोन बोटं रुंद पट्टी कापून, पुठ्ठ्यानं टप्प्याटप्प्यानं झाकत ५, १०, १५, २० सेकंद उजेड द्यावा. शितावरून भाताची परीक्षा, तशीच ही! योग्य वेळ लगेच कळते. चेहरा काळवंडत असेल तर तेवढ्या भागावर हाताची सावली हलती ठेवायची. किती उजेड द्यायचा नि किती अडवायचा, ही समज इथेच येते.

ती वाढवायची तर चित्रं पाहावीत. रेम्ब्रांटची व्यक्तिचित्रं लेकीला दाखवा. चेहऱ्यावर एका बाजूनं उजेड, बाकी सारं अंधारात. तसाच उजेड सकाळी आपल्या खिडकीतूनही येतो. आजीला तिथं बसवून फोटो काढू दे की!

होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होत्या, तेव्हा वर्गमैत्रिणींनाच समोर उभं करून त्यांनी फोटो काढले. सुरुवातीचे त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापले जात. पुढे त्याच देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. २०११ साली पद्मविभूषणही मिळालं.

एवढी काळजी मात्र घ्याच. या कामातले ट्रे, चिमटे, मापाचं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात आणू नये. हात द्रावणात न घालता चिमटा वापरावा. हवा खेळती ठेवावी, बाटल्यांवर नावं लिहून त्या लहान मुलांपासून दूर ठेवाव्यात. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदीचा अंश असतो; तो मोरीत न ओतता साठवून एखाद्या फोटो लॅबकडे सोपवावा.

आणि हे फक्त लेकीसाठीच, असं कोण म्हणतं? कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ साली मुलीनं आणि जावयानं कॅमेरा भेट दिला, तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. इंग्लंडमधल्या घरी कोळशाच्या कोठीची त्यांनी डार्करूम केली. जुन्या इटालियन चित्रकारांची चित्रं डोळ्यांसमोर ठेवून काढलेले त्यांचे फोटो आजही नावाजले जातात. तेव्हा रविवारी लेकीबरोबर तुम्हीही आत जा. कोऱ्या कागदावर हळूहळू चेहरा उमटताना एकदा पाहाच!