शब्दाला भाग जातो का?

‘एस’ या अक्षराने सुरू होणारे इंग्रजी शब्द शब्दकोशात लगेच सापडतात. पण ‘ज्यांत ई, ए आणि टी ही तिन्ही अक्षरे कुठेही, कोणत्याही क्रमाने आली आहेत असे शब्द शोधा’, असे कोणी सांगितले तर? तोच जाडजूड शब्दकोश आता फारसा उपयोगी पडत नाही. त्याची मांडणी आधी पहिले अक्षर, मग दुसरे, अशी क्रमाने केलेली असते. आपला प्रश्न मात्र क्रमाचा नाहीच. अक्षरे आहेत की नाहीत, एवढेच आपल्याला हवे आहे.

आधी सोपा प्रश्न घेऊ. ओ, पी, एस, टी ही चारच अक्षरे वापरून कोणते शब्द होतात? सगळ्या मांडण्या करून पाहिल्या तर त्या ४ × ३ × २ × १ = २४ होतात. त्यांपैकी स्टॉप, स्पॉट, पोस्ट, पॉट्स, टॉप्स आणि ऑप्ट्स हे सहा अर्थपूर्ण शब्द आहेत. चोवीस मांडण्या वहीत लिहिता येतील. पण अक्षरे सात असली तर मांडण्या ५,०४० आणि दहा असली तर ३६,२८,८००! हा रस्ता लवकरच बंद होतो.

मग उलट बाजूने जाऊ. प्रत्येक शब्दातील अक्षरे वर्णानुक्रमाने लावायची. वरच्या सहाही शब्दांतून ‘ओ-पी-एस-टी’ हीच एक ओळख मिळते. शब्दयादीतील प्रत्येक शब्दाची अशी ओळख एकदा लिहून ठेवली, की सारखी ओळख असलेले शब्द आपोआप एका गटात येतात. जॉन बेंटली या संगणकतज्ज्ञाने ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या १९८६ च्या पुस्तकात हीच युक्ती समजावून दिली आहे.

पण आपला मूळ प्रश्न अजून सुटलेला नाही. ‘हार्ट’ या शब्दाची ओळख ए-ई-एच-आर-टी अशी आहे. तिच्यात ए, ई, टी आहेत खरे, पण मध्ये एच आणि आर घुसले आहेत. येथे आपल्या मदतीला गणित येते, तेही सहावी-सातवीचे.

प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या देऊ :

ई – २, टी – ३, ए – ५, ओ – ७, एन – ११, आर – १३, एस – १७, एच – १९.

शब्दाची किंमत म्हणजे त्याच्या अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार. ई, ए, टी यांची किंमत २ × ५ × ३ = ३०. हार्टची किंमत १९ × २ × ५ × १३ × ३ = ७,४१०. आता ७,४१० ला ३० ने भागा. नि:शेष भाग जातो, म्हणजे ही तिन्ही अक्षरे हार्टमध्ये आहेत. भागाकार येतो २४७, म्हणजे १३ × १९. उरलेली अक्षरे कोणती तेही कळले : आर आणि एच!

‘स्टोन’ची किंमत ७,८५४. तिला ३० ने भाग जात नाही, कारण शेवटी ० नाही. म्हणून हा शब्द बाद. एकच अक्षर दोनदा हवे असेल तरी अडत नाही. दोन ई हवे असतील तर ४ ने भागायचे. ‘ट्री’ची किंमत ३ × १३ × २ × २ = १५६, तिला भाग जातो; हार्टच्या ७,४१० ला जात नाही.

मूळ संख्याच का? ए, बी, सी यांना १, २, ३ असे सरळ क्रमांक दिले असते तर? मग ६ म्हणजे एफ की बी आणि सी, हे ठरवताच आले नसते. १ ने गुणून तर काहीच बदलत नाही, म्हणजे ए नाहीसाच होतो. १ पेक्षा मोठ्या कोणत्याही संख्येचे मूळ अवयव, क्रम सोडला तर, एकाच प्रकारे पडतात. या नियमाची स्पष्ट मांडणी आणि सिद्धता गाउसने १८०१ मध्ये दिली. आपली सारी युक्ती त्यावर उभी आहे.

अक्षरे सव्वीस आणि सव्विसावी मूळ संख्या १०१, त्यामुळे लांब शब्दांच्या किमती फुगतात. म्हणून वारंवार येणाऱ्या अक्षरांना लहान संख्या द्याव्यात. स्क्रॅबल या खेळाच्या इंग्रजी संचात ई च्या १२ सोंगट्या असतात, तर क्यू आणि झेड यांची प्रत्येकी एकच. तेव्हा २ हा मान ई ला देणेच शहाणपणाचे.

वर्गात याहून पुढे जाता येईल. मुले मसावि-लसावि काढतात, पण ते कशासाठी हे त्यांना क्वचितच दिसते. चहासाठीचा टी-ई-ए हा शब्द ३० चा आणि ‘टेन’ हा शब्द ६६ चा. त्यांचा मसावि ६, म्हणजे दोन्ही शब्दांत असलेली अक्षरे ई आणि टी. लसावि ३३०, म्हणजे दोन्ही शब्द ज्यातून वेगवेगळे बनवता येतील असा अक्षरांचा सर्वांत लहान संच : ई, टी, ए, एन. आणि ३३० ही ‘नीट’ या इंग्रजी शब्दाचीही किंमत आहे! पाठ्यपुस्तकातील वीस शब्दांच्या किमती मुलांना काढू द्या आणि मग एकमेकांना कोडी घालू द्या.

शेवटी मराठीचा एक प्रश्न. ‘सार’ आणि ‘रास’ यांची किंमत सारखी यावी का? काना हे वेगळे अक्षर मानले तर सारखी येते. ‘सा’ आणि ‘रा’ ही अखंड अक्षरे मानली तर येत नाही. यांपैकी काय निवडावे आणि त्यासाठी किती मूळ संख्या लागतील, हे मुलांनाच ठरवू द्या.