फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा!

आमच्या शाळेपासून दहा मिनिटांच्या अंतरावर महादेवाचे जुने देऊळ आहे. देवळामागे कडुनिंबाखाली तीन वीरगळ उभे आहेत. दरवर्षी नववीच्या मुलांना घेऊन मी तिथे जातो. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. वीरगळ असा खालून वर वाचायचा असतो. दोन दगडांवर हे सारे स्पष्ट दिसते. तिसरा मात्र इतका झिजला आहे, की मुले म्हणतात, ‘‘सर, हा तर नुसताच दगड!’’

एका दुपारी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारून मी त्याचा फोटो काढला. फोटोत तर तो आणखीच सपाट दिसू लागला. तेव्हा एका मुलाने उपाय सुचवला, ‘‘खडू घासू या, म्हणजे उठून दिसेल.’’ हा उपाय पुष्कळ ठिकाणी केला जातो, पण तो करू नये. खडू, पीठ, तेल काहीही लावले तरी ते दगडाच्या बारीक छिद्रांत जाऊन बसते. शिवाय घासणारा आपल्याला जे दिसावेसे वाटते तेच ठळक करतो, आणि पुढच्या वाचणाऱ्याला तेच खरे वाटते. दगडाला हात न लावता करण्याजोगी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे उजेडाची जागा बदलणे.

याचा पडताळा घरी घेता येईल. अंधाऱ्या खोलीत टेबलावर एक झिजलेले नाणे ठेवा. डोळ्याजवळ टॉर्च धरून वरून उजेड पाडा. आता तोच टॉर्च हळूहळू खाली आणत टेबलाला जवळजवळ टेकवा. नाण्यावरचे जे आकडे मघाशी दिसत नव्हते ते वर येतात. नाणे तेच, टॉर्चही तोच, फक्त आता सावल्या पडू लागल्या. उठाव आपल्याला कळतो तो सावल्यांमुळे. उजेड डोळ्याच्या दिशेनेच आला तर सावली त्या उठावाच्या मागे लपते आणि आपल्याला दिसतच नाही.

दहावीच्या मुलांना याचे गणितही घालता येईल. दगडावरचा उठाव २ मिलिमीटर आहे असे समजा. उजेड पृष्ठभागाशी ४५ अंशांचा कोन करून आला तर सावलीही २ मिलिमीटर लांब पडेल. कोन १० अंशांचा केला तर सावलीची लांबी २ भागिले टॅन १०, म्हणजे ११ मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त होते. निसर्गाने जे झिजवून टाकले ते प्रकाशाने पाचपटीहून अधिक मोठे करून दाखवले!

मग कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने काय बिघडवले ते उघड आहे. तो भिंगाच्या अगदी शेजारी बसलेला असतो. त्याला तिथून उतरवून बाजूला न्यायला हवे. पण किती दूर?

पहिल्या वेळी आम्ही तो दगडाच्या कडेपासून अर्ध्या मीटरवर धरला. अलीकडची कड पांढरीफटक पडली आणि पलीकडची काळोखात गेली. कारण सोपे आहे. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. आमचा दगड ६० सेंटिमीटर रुंद. म्हणजे जवळची कड ०.५ मीटरवर, तर दूरची १.१ मीटरवर. दोहोंवरच्या उजेडात जवळजवळ पाचपट फरक पडतो. फ्लॅश ३ मीटर दूर नेला तर ही अंतरे ३ आणि ३.६ मीटर होतात आणि फरक दीडपटीपेक्षाही कमी उरतो. तेव्हा फ्लॅश दगडाच्या बाजूला ३ मीटर अंतरावर आणि दगडाच्या पृष्ठभागाच्या फक्त अर्धा मीटर पुढे धरायचा, म्हणजे कोन साडेनऊ अंशांच्या आसपास येतो.

इथे खरी अडचण सुरू होते. ३ मीटर लांबच्या फ्लॅशला ‘आता पेट’ हे सांगायचे कोणी? फ्लॅश जोडण्याच्या गुंडाळीदार वायरी बहुधा आखूड असतात, आणि लांब वायर मुलांच्या पायांत येते. म्हणून बिनतारी संदेश.

त्याचा सर्वांत स्वस्त प्रकार प्रकाशावरच चालतो. दूरच्या फ्लॅशमध्ये एक प्रकाशसंवेदक असतो. कॅमेऱ्यावरचा लहान फ्लॅश अगदी कमी ताकदीवर चमकला, की संवेदकाला उजेडातली ती एकाएकी झालेली वाढ कळते आणि तो मोठ्या फ्लॅशला पेटवतो. खोलीत हे झकास चालते. बाहेर उन्हात मात्र संवेदक चुकतो, आणि फ्लॅश खांबाआड असेल तर त्याला काही दिसतच नाही. शिवाय आणखी एक खोडी आहे, जिच्यात आमचा अर्धा तास गेला. स्वयंचलित फ्लॅश फोटोच्या आधी उजेड मोजण्यासाठी एक लहानशी चमक सोडतो. दूरचा फ्लॅश त्या पहिल्या चमकेलाच फसून पेटतो आणि खऱ्या फोटोच्या वेळी रिकामा असतो! कॅमेऱ्यावरचा फ्लॅश स्वयंचलितऐवजी हाताने ठरवायच्या पद्धतीवर ठेवला की हे थांबते. काही उपकरणे दिसणाऱ्या प्रकाशाऐवजी अवरक्त किरण वापरतात, पण नजरेच्या रेषेची अट त्यांनाही आहेच.

रेडिओ लहरींना ही अट नसते. कॅमेऱ्यावर एक छोटा प्रेषक आणि फ्लॅशखाली एक ग्राहक बसवला, की काम झाले. यांतले बरेच संच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात. वाय-फाय आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात असतात. रेडिओ लहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जाते, म्हणजे आमचे ३ मीटरचे अंतर तिने सेकंदाच्या दहा कोटीव्या भागात कापले. उशीर होतो तो उपकरणातल्या मंडलांमुळे, पण तोही इतका थोडा की आपल्या कामात अडथळा येत नाही.

वेळेचे गणित नाजूक होते ते कॅमेऱ्याच्या पडद्यामुळे. भिंगे बदलता येणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत शटरचे दोन पडदे असतात. पहिला सरकून चौकट उघडतो, दुसरा त्याच्या मागून येऊन ती बंद करतो. १/२०० सेकंदाच्या आसपासच्या वेगापर्यंत एक क्षण असा मिळतो, की पहिला पडदा पूर्ण गेलेला आहे आणि दुसरा अजून निघालेला नाही. फ्लॅश त्याच क्षणी पेटायला हवा. वेग १/२००० केला तर दुसरा पडदा पहिल्याच्या पाठोपाठच निघतो आणि दोहोंमधली फक्त एक फट चौकटीवरून सरकत जाते. फ्लॅश तर क्षणात विझलेला असतो. त्यामुळे फोटोत एका पट्ट्यापुरताच त्याचा उजेड येतो. मुलांनी हे मुद्दाम करून पाहिले आणि तो पट्टा पाहून खूश झाली.

फ्लॅश किती वेळ पेटतो? आत एका धारित्रात सुमारे ३०० व्होल्टच्या दाबाने भार साठवलेला असतो. तो झेनॉन वायू भरलेल्या नळीतून एकदम सोडला जातो. पूर्ण ताकदीवर ही चमक साधारण १/१००० सेकंद किंवा थोडी अधिक टिकते, आणि ताकद कमी केली की आणखी आखूड होते. (जुना फ्लॅश बंद असला तरी धारित्रात भार उरलेला असू शकतो. कुतूहल कितीही असो, मुलांना तो उघडू देऊ नका. झटका जीवघेणा ठरू शकतो.)

चमक इतकी आखूड असल्यामुळे एक फार उपयोगाची गोष्ट घडते. वेग १/५० ठेवा की १/२००, फ्लॅशचा उजेड तेवढाच नोंदला जातो, कारण तो दोन्ही वेळा आत पूर्ण मावतो. भोवतालचा उजेड मात्र चौपटीने बदलतो. म्हणजे भोवतालच्या उजेडाची चावी शटरकडे, तर भिंगाच्या छिद्राची चावी दोन्ही उजेडांना सारखीच. हे एकदा ध्यानात आले, की फ्लॅशचे निम्मे गूढ संपते.

आता भर उन्हात जमेल का, हे कागदावर पाहू. फ्लॅशचा गाइड नंबर भागिले मीटरमधले अंतर, म्हणजे छिद्राचा आकडा. आमच्या फ्लॅशचा गाइड नंबर आयएसओ १०० ला ३६ आहे. ३६ भागिले ३, म्हणजे एफ-१२. पण हा हिशोब समोरून पडणाऱ्या उजेडाचा. साडेनऊ अंशांनी तिरपा टाकल्यावर तो दगडावर पसरतो आणि त्याचा जेमतेम सहावा हिस्सा हाती लागतो. छिद्र एफ-५ पर्यंत उघडावे लागते. कडक उन्हाला मात्र १/२०० वेगाला एफ-११ पुरते. म्हणजे सूर्य आमच्या फ्लॅशला सुमारे पाचपट भारी! उपाय दोन. चार मुलांनी चादर ताणून दगडावर सावली धरावी, नाहीतर तिन्हीसांजेला जावे. आम्ही दोन्ही केले. ‘सकाळच्या कोवळ्या उन्हातच तिरपा उजेड मिळतो की,’ असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण आमच्या दगडाचे तोंड उत्तरेला आहे आणि वर कडुनिंब आहे.

फ्लॅश नसला तरी निराश होऊ नका. अंधार पडल्यावर मोबाइल तिवईवर घट्ट बसवा आणि तीन मीटरवरून साधा टॉर्च धरा. बरेचसे काम होते. देऊळ संरक्षित स्मारक असेल तर तिवई आणि फ्लॅश वापरण्याआधी परवानगीची चौकशी जरूर करा.

कॅमेरा अजिबात न हलवता आम्ही आठ दिशांनी आठ फोटो काढले. प्रत्येकाची दिशा वहीत बाणाने नोंदवली, आणि ते बरे झाले. उजेड वरून येतो असे आपला मेंदू गृहीत धरतो. त्यामुळे खालून उजेड टाकलेल्या फोटोत उठाव खोदल्यासारखा दिसतो. फोटो उलटा धरला, की खड्डा पुन्हा उठाव होतो. वर्गात या एकाच फोटोवर एक तास सहज जातो.

हीच पद्धत संगणकाला जोडून टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत पुढे नेली. अनेक दिशांच्या फोटोंवरून प्रत्येक बिंदूचे वर्तन काढायचे, म्हणजे मग पडद्यावर उजेड हवा तसा फिरवता येतो. २००५ साली अथेन्समधल्या अँटिकिथेरा यंत्राच्या गंजलेल्या तुकड्यांवरची अक्षरे वाचायला तिची मदत झाली. या पद्धतीच्या एका सोप्या प्रकारात दगडाशेजारी एक चकचकीत काळी गोटी ठेवतात. तिच्यावरच्या चमकेच्या जागेवरून उजेडाची दिशा काढता येते.

आमच्या तिसऱ्या दगडावर वरच्या चौकटीत काहीच उरलेले नाही. खालच्या चौकटीत मात्र डावीकडून उजेड टाकल्यावर ढालधारी वीर दिसला आणि त्याच्या मागे गाईंची रांग. गोधन वाचवताना पडलेल्या वीराचा तो दगड असावा. डावीकडच्या फोटोत पाच गाई मोजता येतात, उजवीकडच्या फोटोत चारच. पाचवी गाय आहे की दगडाचा टवका, यावर वर्गात दोन तट पडले आहेत. पुढच्या शनिवारी मुले काळी गोटी घेऊन निघणार आहेत.