सांगली बँकेच्या जुन्या शेअरचा लाभांश येतोय? ऊस बिलाला कर नाही, पण याला आहे

सांगली : आजोबांच्या ट्रंकेत 'सांगली बँक'चे शेअर सर्टिफिकेट निघाले, तर ते रद्दीत टाकू नका. १९१६ साली सुरू झालेली ही बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. तेव्हा तिच्या ९२५ शेअरमागे आयसीआयसीआयचे १०० शेअर मिळाले. पुढे २०१४ मध्ये एका शेअरचे पाच झाले, २०१७ मध्ये दहाला एक बोनस आला. म्हणजे त्या १०० चे आज ५५० शेअर झाले आहेत. (साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेचे तसे झाले नाही. ती २००६ मध्ये आयडीबीआयकडे गेली आणि शेअरमागे २८ रुपये रोख देऊन भागधारकांचा हिशेब तिथेच मिटला.)

या ५५० शेअरवर २०१९ मध्ये लाभांश आला होता फक्त ५५० रुपये. २०२५ मध्ये शेअरमागे ११ रुपये मिळाले, म्हणजे ६,०५० रुपये. रक्कम वाढली, आणि मधल्या काळात कराचा नियमही बदलला.

३१ मार्च २०२० पर्यंत लाभांशावरचा कर कंपनी स्वतःच भरायची. सामान्य भागधारकाच्या हातात पडणारा पैसा करमुक्त असायचा. १ एप्रिल २०२० पासून हा कर घेणाऱ्याच्या माथी आला. आता लाभांश 'इतर उत्पन्ना'त धरतात, म्हणजे ठेवीच्या व्याजाच्याच रांगेत. त्याला वेगळा दर नाही. तुमच्या एकूण उत्पन्नाला जो टप्पा लागतो, तोच याला लागतो.

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करपद्धतीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. त्यामुळे गावाकडच्या बहुतेक घरांना लाभांशावर प्रत्यक्ष कर बसत नाही. पण समजा घरात एक जण शिक्षक आहे आणि पगार वर्षाला १४ लाख. पगाराला ७५ हजारांची सरसकट वजावट मिळते, लाभांशाला तशी मिळत नाही. त्याच्या ६,०५० रुपयांवर १५ टक्के आणि वर सेस, मिळून साधारण ९४४ रुपये कर होतो. तेच ६,०५० उसाच्या बिलाचे असते तर त्यावर कर शून्य. फक्त शेतीचे उत्पन्न ५,००० च्या वर आणि इतर उत्पन्नही करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर दर ठरवताना शेतीचा आकडा हिशेबात धरतात.

इथे एक गोंधळ हमखास होतो. कारखान्याचा सभासद म्हणतो, कारखाना उसावर चालतो, मग त्याच्या शेअरचा लाभांशही शेतीचाच की! तसे नाही. मुंबईच्या बाचा गुझदर खटल्यात १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न निकालात काढला. चहाच्या मळ्याच्या कंपनीचा लाभांश शेतीउत्पन्न धरा, अशी भागधारकाची मागणी होती. न्यायालयाने ती नाकारली, कारण भागधारकाला पैसा जमिनीतून नाही, शेअरमधून मिळतो. उसालाही हेच लागू. पहिली उचल, दुसरा हप्ता हे शेतीचे पैसे. शेअरवरचा लाभांश करपात्र. राज्याच्या सहकार कायद्यात लाभांशाला साधारण १५ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे दहा हजारांच्या शेअरवर फार तर दीड हजार. सभासदांना त्यापेक्षा सवलतीची साखरच जास्त ओळखीची! सहकारी संस्था लाभांशावर टीडीएस कापत नाही. पण कापला नाही म्हणजे करमुक्त झाला, असे समजू नये.

कंपनी मात्र कापते. एका कंपनीचा लाभांश वर्षात १०,००० च्या वर गेला की १० टक्के टीडीएस. ही मर्यादा मार्च २०२५ पर्यंत ५,००० होती. ज्यांच्याकडे सांगली बँकेचे १,८५० शेअर होते, त्यांचे आज १,१०० झाले. त्यांचा २०२५ चा लाभांश १२,१०० रुपये. त्यातले १,२१० कापले जातात. पॅन आधारशी जोडलेले नसल्यामुळे निष्क्रिय झाले असेल तर २० टक्के, म्हणजे २,४२०. कर बसत नसतानाही हे पैसे जातात, आणि रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाहीत. अनेक जण 'आम्हाला कुठला इन्कम टॅक्स' म्हणून रिटर्न भरतच नाहीत.

ज्यांना कर लागत नाही, त्यांनी लाभांशाआधीच कंपनीच्या रजिस्ट्रारकडे फॉर्म द्यावा : आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये साठीच्या आतल्यांसाठी तो १५ जी, साठीच्या वरच्यांसाठी १५ एच होता. तो दरवर्षी नव्याने आणि प्रत्येक कंपनीला वेगळा द्यावा लागतो. बँकेत ठेवीसाठी दिलेला फॉर्म इथे चालत नाही.

शेअर विकायचे ठरवले तर हिशेब निराळा. वर्षभराहून जास्त ठेवलेल्या शेअरच्या नफ्यात वर्षाला सव्वा लाख माफ, त्यापुढे १२.५ टक्के. १२ लाखांची ती सवलत या नफ्याला मिळत नाही.

आणि सर्टिफिकेट अजून कागदीच असेल, तर आधी डिमॅट करावे लागेल. पॅन, बँक खाते आणि केवायसी नोंदवलेली नसेल तर एप्रिल २०२४ पासून कागदी शेअरचा लाभांश अडकून राहतो. सलग सात वर्षे लाभांश न उचलल्यास पैसे आणि शेअर दोन्ही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातात. ते वारसांना अर्ज करून परत मिळवता येतात, पण आजोबांच्या मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे हाताशी ठेवावी लागतात.