बाड्यावरून उरवाई: सोपी, छोटी भटकंती

ग्वाल्हेरला आलात की एक सकाळ राखून ठेवा. महाराज बाड्यावर गरमागरम बेडई-जिलेबी हाणा आणि रिक्षाने थेट किल्ल्याच्या पश्चिमेचा उरवाई दरवाजा गाठा. तिथून पायी. रस्ता डांबरी, चढ बेताचा. आजी-आजोबाही दम खात चढतील.

दोन्ही बाजूंच्या वालुकाश्माच्या कड्यांत पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या काळात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. सर्वांत उंच आदिनाथांची, 50 फुटांहून अधिक! पायांशी उभं राहून वर बघा. चेहरे नीट न्याहाळा: बाबराच्या हुकमाने फोडलेले, नंतर चुन्याने डागडुजी केलेले.

उन्हाळ्यात दगड तापतो, म्हणून ऑक्टोबर ते मार्च उत्तम. पाणी, टोपी, चांगली पकड असलेले बूट घ्या. मूर्तींवर चढू नका, माकडांसमोर खाऊ काढू नका!