जुन्या व्हॅनचे इंजिन : दुरुस्त करावे की बदलावे?

आपल्यातील असंख्य छोट्या व्यापाऱ्यांची रोजी एखाद्या जुन्या व्हॅनवर चालते. पहाटे बेकरीचा पाव पोचवायचा, बाजारातून फळे आणायची, सुताराने तयार केलेल्या खुर्च्या गिऱ्हाइकाच्या घरी टाकायच्या, आठवडी बाजारात कपड्यांचे गठ्ठे न्यायचे, ही सारी कामे तीच करते. मारुतीची ओम्नी १९८४ साली रस्त्यावर आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरीही तिच्या ७९६ सी.सी.च्या तीन सिलिंडरच्या इंजिनावर आजही अनेकांचा धंदा उभा आहे. अशा गाडीने धूर सोडायला सुरुवात केली की मालकाच्या पोटात गोळा येतो. मिस्त्री म्हणतो, "शेठ, इंजिन खोलावे लागेल." शेजारी म्हणतो, "भंगारातून दुसरे इंजिन टाका." मेहुणा म्हणतो, "विकून टाका." ऐकायचे कोणाचे? आमचे म्हणणे असे की, आधी कोणाचेच ऐकू नये. आधी दुखणे ओळखावे, मग हिशेब मांडावा.

दुखणे कुठे आहे?

धुराचा रंग बरेच काही सांगतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे किंवा हवेचा फिल्टर तुंबला आहे. त्यासाठी इंजिन खोलण्याची गरज नसते. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला, पाणी कमी होऊ लागले आणि डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ चहासारखे दिसले, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा. ते काम पूर्ण इंजिनापेक्षा पुष्कळ स्वस्तात होते.

त्यानंतर कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरला गेज लावतात. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा पाहतात. आकडा वाढला तर रिंग किंवा बोर झिजली आहे. वाढला नाही तर दोष बहुधा वॉल्व्ह किंवा गॅस्केटचा, म्हणजे हेडचा. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत वॉल्व्ह सीट लवकर झिजतात, हेही ध्यानात असू द्यावे. हेडच्या कामाला पूर्ण इंजिनाचे पैसे मोजणे म्हणजे दात दुखला म्हणून जबडा काढणे होय.

दुरुस्ती कधी परवडते?

बोर झिजली असेल तर ब्लॉक लेथवर नेऊन रिबोर करतात आणि ओव्हरसाइज पिस्टन टाकतात. हे साधारण ०.२५ आणि ०.५० मिलिमीटरचे मिळतात. म्हणजे ब्लॉकला एक-दोनच संधी असतात. त्या आधीच वापरल्या गेल्या असतील तर नवे लाइनर बसवावे लागतात किंवा ब्लॉक बदलावा लागतो. क्रँकचेही तसेच. इंजिन खोलल्यावर माप घेतल्याशिवाय अंतिम आकडा सांगता येत नाही, म्हणून "एवढ्यात करून देतो" असे वरवर सांगणाऱ्यापेक्षा मापे दाखवणारा मिस्त्री बरा. अंदाज लेखी घ्यावा, भागांची बिले मागावीत, काढलेले जुने भाग परत घ्यावेत. आणि इंजिन का बसले हे विचारावे. रेडिएटर तुंबलेला असेल, पाण्याचा पंप गळत असेल, तर नवे पिस्टनही त्याच गरमीने बसतील.

जुने इंजिन विकत घेताना

मुंबईत कुर्ल्यासारख्या ठिकाणी सुट्या भागांच्या बाजारात जुनी इंजिने मिळतात. काम एका दिवसात होते, धंदा बुडत नाही, हा मोठा फायदा. पण ते इंजिन किती चालले आहे हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शक्य असेल तर चालू करून पाहावे, कॉम्प्रेशन तपासावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कागद. इंजिन नंबर आर.सी. बुकात नोंदलेला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करण्यापूर्वी आर.टी.ओ.ची परवानगी घ्यावी लागते. इंजिन नंबर लिहिलेले पक्के बिल आणि मूळ गाडीचे कागद नसतील, तर स्वस्त इंजिन घेऊ नये. माल चोरीचा निघाला तर पोलिस दारात येतात. पासिंगला नंबर जुळला नाही तर गाडी अडते. अपघातानंतर विमा कंपनीला हरकत घ्यायला निमित्त मिळते. चार पैसे वाचवताना हलाल कमाईवर संशयाचा डाग कशाला?

हिशेब असा मांडा

समजा, पूर्ण दुरुस्तीला ३६,००० रुपये लागले आणि गाडी ३ वर्षे चालली, तर महिन्याला १,००० रुपये पडले. समजा, जुने इंजिन २४,००० ला मिळाले आणि वर्षभरच टिकले, तर महिन्याला २,००० पडले. हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. आपापल्या गावचे भाव घालून पाहावेत. त्यात गाडी बंद राहील त्या दिवसांचे भाडे आणि बुडालेली कमाईही धरावी. दुसरी गाडी घ्यायची असेल तर तिचा मासिक हप्ता याच्याशेजारी लिहावा. व्याजाचे कर्ज टाळू पाहणाऱ्याला ही तुलना अधिकच उपयोगी पडेल.

मात्र एक गोष्ट आधी पाहावी : पत्रा. फ्लोअर सडला असेल, चासीला गंज लागला असेल, तर त्या गाडीवर इंजिनाचा खर्च करू नये. नोंदणीही पाहावी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे ५-५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, तर २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ती १०,००० करण्यात आली. नूतनीकरण चार महिन्यांवर आले असताना इंजिनात पैसे घालणे आणि मग गाडी पासिंगला नापास होणे, हा दुहेरी तोटा आहे.

थोडक्यात, पत्रा धड, कागद चालू आणि ब्लॉकला रिबोरची संधी शिल्लक असेल तर दुरुस्ती करावी. ब्लॉक फुटला असेल तर कागदपत्रांसह इंजिन बदलावे. पत्रा आणि कागद दोन्ही संपत आले असतील तर गाडीला निरोप द्यावा आणि तेच पैसे दुसऱ्या गाडीच्या कामी लावावेत. दुरुस्तीनंतर पहिले हजार किलोमीटर ओझे कमी ठेवावे, मग ऑइल बदलावे. मिस्त्रीने घेतलेली मेहनत पुढे मालकाच्या सबुरीनेच टिकते.