वजनकाट्याला न दिसणारी चरबी

अमेरिकेतल्या मराठी घरांत असा माणूस ओळखीत निघतोच: पन्नाशीच्या आतला, अंगानं सडसडीत, ना दारू ना सिगारेट, आणि तरी स्टेंट बसलेला. ‘काही म्हणजे काही नव्हतं हो त्याला,’ घरचे म्हणतात. नव्हतं कसं? बहुतेक वेळा कुणी पाहिलेलं नसतं.

ते पाहायचं म्हणून २०१० मध्ये ‘मसाला’ अभ्यास सुरू झाला. सॅन फ्रान्सिस्कोत डॉ. अलका कनाया आणि शिकागोत डॉ. नम्रता कंडुला यांनी ४० ते ८४ वयाचे, हृदयविकार नसलेले ९०६ दक्षिण आशियाई स्त्री-पुरुष निवडले. त्यांच्या पोटाचे सीटी स्कॅन काढले. अशा स्कॅनमध्ये पोटाचा आडवा छेद दिसतो: कडेनं कातडीखालची चरबी, आत आतड्यांभोवतीची. अमेरिकेतल्या इतर वंशांच्या लोकांशी तुलना केली, तेव्हा उंचीच्या मानानं वजन तेवढंच असूनही आपल्या लोकांच्या यकृतात आणि आतड्यांभोवती चरबी जास्त निघाली, स्नायू कमी. घात करते ती ही आतली चरबी. तिच्यामुळे इन्सुलिन नीट लागू पडत नाही, साखर आणि ट्रायग्लिसराइड चढतात, चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे फार आधीपासून सांगत होते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

२०१५ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं आशियाई वंशाच्या लोकांची साखर तपासण्यासाठी बीएमआयची मर्यादा २५ वरून २३ वर आणली. म्हणजे पाच फूट सात इंच उंचीच्या माणसानं ७२ नव्हे, ६७ किलोलाच सावध व्हायचं.

आनुवंशिकतेचा भाग वेगळा आहे, आणि माझ्या मते जास्त दुर्लक्षित. लायपोप्रोटीन (ए) हा कोलेस्टेरॉल वाहणारा कण रक्तात किती असणार, हे मुख्यतः जनुकं ठरवतात; पथ्य-व्यायामानं त्यात फारसा फरक पडत नाही. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये तो मोजत नाहीत, वेगळा मागावा लागतो. बहुतेकांना आयुष्यात एकदा मोजला तरी पुरतो. २०१८ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी तो आणि दक्षिण आशियाई वंश, दोन्ही हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत धरले आहेत. तो वाढलेला निघाला तर सख्ख्या भावंडांत आणि मुलांतही असण्याची शक्यता मोठी. म्हणून न्यू जर्सीतला रिपोर्ट पुण्यातल्या बहिणीलाही पाठवा, आणि तिलाही तपासून घ्यायला सांगा.